चौदा लाल ठिपके

गडचिरोलीच्या सभागृहात पडद्यावर चौदा लाल ठिपके उमटले आणि उर्वशी रामटेकेनं कपाळाला हात लावला. बाकी सगळे मात्र खूश! दिल्लीहून आलेल्या समितीचे अध्यक्ष, सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, चष्मा पुसून खुर्चीत पुढे सरकले. तिचा भागीदार लोकेश टेबलाखालून तिला आनंदानं ढोसत होता.

संरक्षणाच्या कामी येणाऱ्या नव्या अंतराळ तंत्रज्ञानाला सरकार अनुदान देणार होतं, आणि ते कोणाला द्यायचं हे आज ठरणार होतं. सिंदेवाहीत खताच्या दुकानावरच्या एका खोलीत या दोघांनी तीन वर्षं जिवाचं रान करून एक प्रणाली उभी केली होती. उपग्रहानं टिपलेली जंगलाची उष्णतेची चित्रं तिनं वाचायची आणि दाट झाडीत कोणी लपून तळ ठोकला असेल तर तो हुडकून काढायचा. अनुदान मिळालं तर काम पुढे. नाही मिळालं तर खोलीला कुलूप, आणि उर्वशीनं हैदराबादला जाऊन परक्या कंपनीत मान खाली घालून नोकरी करायची.

"आज पहाटेचं चित्र ना हे? धानोऱ्याच्या पट्ट्यातलं?" पोलिसांतर्फे आलेले निकेश मडावी साहेब उठलेच. "एकदम चौदा तळ! सर, मी आत्ताच तुकड्या काढतो."

अहो, कसले तळ अन् काय! ठिपके होते उर्वशीच्याच गावच्या जंगलात, आणि दिवस होते एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातले. मोह पडायचे दिवस. फुलं पहाटे पडतात आणि पाल्यात पडली की वेचता वेचवत नाहीत, म्हणून लोक आधीच झाडाखालचा पाला जाळून जमीन साफ करतात. बुडाशी निखारे दुसऱ्या सकाळपर्यंत धुगधुगत राहतात. या घटकेला त्या ठिपक्यांवर बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या असणार, आणि त्यांत तिची आई रुखमाबाईही असणार.

मग एवढी शहाणी प्रणाली फसली कशी? त्याची तऱ्हा ऐका. दोन वर्षांची चित्रं या दोघांनी तिला एकेक करून शिकवली. ही घरची चूल, ही वीटभट्टी, ही शेकोटी. पण दरवर्षी मार्चअखेर आली की खोली बंद, दोघंही आपापल्या गावी. कशाला? तर मोह वेचायला! वर्षभर डोळ्यांत तेल घालून जंगल पाहिलं आणि नेमके तेच पंधरा दिवस सुट्टी घेतली, त्या दिवसांची चित्रं शिकवलीच नाहीत. शहरातल्या इंजिनिअरनं ही चूक केली नसती, कारण त्याला मोहाची सुट्टीच ठाऊक नसते.

लोकेशच्याही डोक्यात प्रकाश पडला. त्याचा चेहरा उतरला. "गप राह्य," तो पुटपुटला. "जातीन, पाह्यतीन, वापस येतीन. कोनाचं काय जाते?"

"बंदुका घेऊन जातीन ते, लोकेश. अन् तिथी माही माय हाय."

उर्वशी उभी राहिली. "सर, हे तळ नाहीत. मोहाखालचा जाळलेला पाला आहे."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची प्रणाली चुकली?"

"हो सर. चुकली."

एवढं बोलायला तिला किती जड गेलं! पण ती खाली बसली नाही.

"मॅडम, तुमच्या शब्दावर मी थांबू कसा?" मडावी म्हणाले. "एक जरी तळ खरा निघाला तर?"

माणूस चुकीचं बोलत नव्हता. उर्वशीनं आईला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. तिसऱ्या खेपेला लागला.

"काऊन वं? टोपली अर्धी नाई भरली अजून, अन् तुहा फोन!"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. "आई, पाला कोनी कोनी जाळला, सांग. नाल्याकडून सुरू कर."

"काऊन? जंगलवाले आले काय?" वनखात्याच्या धाकानं रुखमाबाईचा आवाज एकदम बारीक झाला.

"नाई वं. सांग तं."

त्या गावात मोहाचं झाड न् झाड कोणत्या ना कोणत्या घराचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. रुखमाबाईनं सुरुवात केली. नाल्यावरचं पोचूचं, त्याच्या वरतं मनकर्णाबाईचे दोन, मग श्रीहरीचे तीन, "अन् तो असा आळशी, सबन गावाच्या मागून पाला जाळते!" पुढं आपले दोन, माधवीचं एक, बापूजीचे चार. नाव आलं की उर्वशी पडद्यावरचा ठिपका हिरवा करत होती. मडावी कधी तिच्या बाजूला येऊन उभे राहिले, तिला कळलंही नाही. तेरा ठिपके हिरवे झाले.

"अन् पहाडीवरचं? बांबूच्या मागचं?"

"तिथी? तिथी तं मोहच नाई, बाई. तिथी कोनी जात नाई."

एकच ठिपका लाल उरला. मडावींनी वायरलेस उचलला आणि ते झपाझप बाहेर गेले. पाच मिनिटांनी परतले तेव्हा कपाळावर घाम होता.

"सर, ती आपलीच गस्त आहे. रात्री पाण्यासाठी जागा बदलली आणि कळवायचं राहून गेलं. पहाटे चहाला चूल पेटवली. एकवीस जवान आहेत. चूल विझवून जागा सोडायला सांगितलंय."

खुर्ची समोर होती, पण ते बसले नाहीत. उर्वशीकडे वळले आणि साहेबी भाषा गळून पडली. "बाई, तुम्ही गप राह्यल्या असत्या तं म्या चौदाही ठिकानी मानसं पाठवली असती. तेरा ठिकानी आयाबाया. अन् चौदाव्या ठिकानी माहीच पोरं, समोर माहीच पोरं. दोन्हीकून बंदुका तयार."

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा चढवला. मग विचारलं, "मोहाचा हंगाम शिकवायला किती दिवस लागतील?"

"हंगाम संपेपर्यंत, सर."

"मग लागा कामाला. अनुदानाची शिफारस मी आजच करतो. पण गावागावातून अशा जाणत्या बाया कामावर घ्या. पगार देऊन."

"घेते सर. पण माझंही एक म्हणणं आहे," उर्वशी म्हणाली. पोरीची हिंमत बघा! "कोणाचं झाड कुठं, हा नकाशा ग्रामसभेकडे राहील. त्यांना विचारल्याशिवाय कोणाला मिळणार नाही."

"लिहून आणा. मी सही करतो," मडावी म्हणाले. लोकेशनं कागद ओढला आणि तिथंच लिहायला घेतलं.

फोन बंद करायचा राहूनच गेला होता. त्यातून रुखमाबाईचा आवाज आला.

"उर्वशे, आयकून राह्यली काय वं? ते पोरं उपाशी असतीन. चूल बी इझवाले लावली म्हनते. त्याहिले गावात धाडाले सांग. भात टाकतो मी."

मडावी टेबलावर वाकले, फोनच्या अगदी जवळ.

"धाडतो, माय," ते म्हणाले.