कुंडलिकचा बॅज

मित्रांनो, सोलापुरात सात रस्त्याला कधी आलात तर तिथल्या रिक्षांच्या रांगेकडे जरा बारकाईने बघा. टपाला ठिगळ, पुढची काच किंचित तिरकी, पण अंग मात्र लग्नाला निघाल्यासारखं लखलखीत, अशी एक म्हातारी रिक्षा दिसली, तर ती मीच. आता थोडा वेळ माझ्याजवळ थांबा. मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे, आणि माझ्याइतकीच माझ्या कुंडलिकचीही.

एका मोठ्या कारखान्यात मी घडले. ट्रकवर चढून सोलापुरात आले. माझे पहिले मालक मडिवाळप्पा. ते अक्कलकोटकडचे. घरात कानडी बोलायचे, बाजारात मराठी, आणि माझ्याशी दोन्ही. मला आणलं त्या दिवशी त्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि आरशाजवळ तोंड आणून, कानडीत आईला हाक मारतात तसं, हळूच म्हणाले, "अव्वा, तू मला संभाळ, मी तुला संभाळतो." आम्ही दोघांनीही तो शब्द पाळला.

ते दिवस काय सुखाचे होते! माझ्या पाठीवरून चादरींचे गठ्ठे गेले, शेंगाचटणीचे डबे गेले, नव्या नवऱ्या सासरी गेल्या. तेलुगू बोलणाऱ्या आज्या आल्या, दखनी बोलणाऱ्या खाला आल्या. रडणाऱ्या बाळाला गप्प करताना सगळ्या भाषांतल्या आया सारखाच आवाज काढतात, हे मी तेव्हाच शिकले. आमचं एक कायमचं गिऱ्हाईक होतं. त्यांचं नाव वैजयंतीबाई. त्या एका दवाखान्यात नर्स होत्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. कधी दिवसाची ड्युटी, कधी रात्रीची. त्यांना न्यायचं आणि आणायचं काम माझंच.

पण मग मडिवाळप्पांची नजर अधू झाली. मोतीबिंदू काढला, तरी डॉक्टर म्हणाले, "उजेडात थोडीफार चालवा, रोजचा धंदा आता पुरे." त्यांनी मला होटगी रोडवरच्या एका गॅरेजच्या भिंतीला लावून ठेवलं. मित्रांनो, उभं राहणं फार वाईट. माझ्या सीटवर कुत्री झोपू लागली. कुणीतरी हॉर्नचा रबरी फुगा पळवला. धूळ इतकी चढली की माझा रंग काळा-पिवळा आहे हे मलाच आठवेना.

त्या गॅरेजमध्ये कुंडलिक कामाला होता. माळशिरस तालुक्यातला, चाळिशीकडे झुकलेला, अंगाने दणकट आणि बोलायला कमी. एके दिवशी काम संपल्यावर तो पाण्याची बादली घेऊन माझ्याकडे आला आणि कुणी सांगितलं नसताना मला धुवायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने माझं इंजिन उघडलं. तिसऱ्या दिवशी मी खोकत खोकत का होईना, सुरू झाले. तेवढ्यात मडिवाळप्पा आले आणि बघतच राहिले.

"चालवणार का रे हिला?" त्यांनी विचारलं.

कुंडलिकने हात पुसले. तो म्हणाला, "मामा, आदी माजं ऐका. मग इचारा. मी जेलात जाऊन आलोय."

आणि त्याने तिथेच, माझ्या पायरीवर बसून, सगळं सांगितलं. गावाकडे कॅनॉलच्या पाण्याची पाळी ठरलेली असते. त्या दिवशी पाळी कुंडलिकची होती आणि पाणी शेजारच्या जोतिरामच्या उसात शिरलं होतं. कुंडलिक रागाने आंधळा झाला. हातात खोरं होतं. त्याच्या दांड्याने त्याने जोतिरामला मारलं. जोतिरामचं कोपर फुटलं ते कायमचंच. नंतर कळलं की पाणी जोतिरामने वळवलंच नव्हतं. वरच्या अंगाला बांध फुटला होता. कुंडलिकला शिक्षा झाली. ती भोगून तो सुटला, पण ज्या वाटेवर जोतिराम वाकडा हात घेऊन समोर येतो, त्या वाटेने चालणं त्याला जमेना. म्हणून तो सोलापुरात आला.

मडिवाळप्पांनी माझ्या टपावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सांगितलास ते बरं केलास. आता बॅज काढ की."

मित्रांनो, प्रवासी रिक्षा चालवायला नुसतं लायसन पुरत नाही, बॅज लागतो. आणि बॅजसाठी पोलिसांकडून चौकशी होते. कुंडलिकने चाचणी तर सहज पार केली. माझं इंजिन एकदाही बंद पडू दिलं नाही. पण चौकशीत जुनी शिक्षा निघाली, आणि अर्ज अडला. ही गोष्ट सात रस्त्याला पोचायला कितीसा वेळ लागणार! स्टँडवर दोन तट पडले. कुणी म्हणालं, शिक्षा भोगली, संपलं. कुणी म्हणालं, उद्या याने काही केलं तर सगळ्या स्टँडचं नाव जाईल.

सर्वांत स्पष्ट बोलल्या त्या वैजयंतीबाई. "मडिवाळप्पा, तुम्ही भले आहात, पण हे मला पटत नाही. रात्रीच्या ड्युटीला मी एकटी असते. ज्याने एकदा माणसाचं हाड मोडलंय, त्याच्या मागे मी का बसू? मी आरटीओ ऑफिसात जाऊन हे सांगणार आहे."

कुंडलिक बाजूलाच उभा होता. तो म्हणाला, "सांगा, सिस्टर. तुमचं बरोबर हाय."

अर्जाचा निकाल त्या ऑफिसातल्या अधिकारी अंकिता मॅडमच्या हातात होता. त्यांनी सगळ्यांना आपलं म्हणणं मांडायला एका सकाळी बोलावलं. आणि गंमत बघा. अर्ज करणारा आणि अर्जाला विरोध करणारी बाई, दोघेही एकाच रिक्षातून गेले. कारण वैजयंतीबाईंना, मी बंद होते त्या काळातही, दुसऱ्या रिक्षाची सवय लागली नव्हती, आणि कुंडलिकला बॅजशिवाय गिऱ्हाईक घेऊन मला चालवायचं नव्हतं. उजेड होता म्हणून मडिवाळप्पा हळूहळू चालवत होते. मागे एका कोपऱ्यात बाई, दुसऱ्या कोपऱ्यात कुंडलिक, आणि मध्ये बाईंची पिशवी, बांध घातल्यासारखी.

ऑफिसात पोचलो आणि वीज गेली. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. आत बसणं अशक्य झालं, तेव्हा मॅडमनी खुर्च्या बाहेर लिंबाच्या सावलीत आणवल्या. त्याच सावलीत मी उभी होते. म्हणून पुढचं सगळं मला ऐकायला मिळालं.

मॅडमनी आधी वैजयंतीबाईंचं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमची भीती खोटी नाही. मागच्या आठवड्यात मी एकाला नाही म्हटलं. त्याने स्वतःच्या गाडीत बसलेल्या बाईला त्रास दिला होता. त्याला पुन्हा गाडी देणं म्हणजे तीच संधी पुन्हा देणं. पण प्रत्येक गुन्हा वेगळा असतो. काय केलं, किती वर्षं झाली, त्यानंतर माणूस कसा राहिला, हे मला बघावंच लागतं."

मग त्या कुंडलिककडे वळल्या. "अजून राग येतो?"

"येतो की, मॅडम. न्हाय म्हनलं तर खोटं हुईल."

वैजयंतीबाईंनी भुवया वर केल्या. मडिवाळप्पांनी कपाळाला हात लावला. मलाही वाटलं, हा काय बोलून बसला!

"मग गिऱ्हाईकाने शिवी दिली तर काय करणार?"

"गाडी कडंला घ्यायची, बंद करायची. हातात काय घ्यायचं न्हाय. चार पावलं लांब जाऊन हुबं ऱ्हायाचं. गॅरेजात आसंच करतो. मालकाला इचारा."

"मालकाला विचारलंय," मॅडम म्हणाल्या. "आणखी एकाला बोलावलंय. ते येतील इतक्यात."

थोड्या वेळाने फाटकातून एक माणूस आत आला. डोक्याला टोपी, पांढरा सदरा, आणि उजवा हात कोपरात दुमडलेला, तो सरळ होतच नव्हता. कुंडलिक खुर्चीवरून उठला आणि तसाच उभा राहिला. तो जोतिराम होता.

मॅडमनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही याला माफ केलंत का?"

"न्हाय," जोतिराम म्हणाला. "भाकरीचा तुकडा डाव्या हातानं मोडावा लागतो, तवा रोज याद येती. माफ कसं करू? पन ते येगळं आन् रिक्षा येगळी."

जोतिराम पुढे बोलू लागला. "कोर्टात वकील याला म्हनत हुता, मी न्हवतोच तितं असं सांग. माझ्याबिगर साक्षीदार बी कुनी न्हवता. सुटला असता. ह्यो हुबा ऱ्हायला आन् म्हनला, म्या मारलं. त्या दिसापासनं माझा आर्धा राग गेला. ऱ्हायलेला आर्धा माझ्यापाशीच ऱ्हाईल, तो काय मी देत न्हाय." त्याने पाण्याचा घोट घेतला. "मॅडम, शिक्षा सरकारनं दिली, ती यानं भोगली. आता कामच दिलं न्हाय तर ती शिक्षा संपायची कवा? बसून खानाऱ्या मानसाचं डोकं जास्त तापतं."

वैजयंतीबाई पुढे सरकल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण प्रश्न मऊ नव्हता. "दादा, तुम्हाला मुलगी आहे?"

"हाय. सोनाली. हितंच कालिजात शिकती."

"ती याच्या रिक्षात एकटी बसलेली तुम्हाला चालेल?"

जोतिरामने कुंडलिककडे पाहिलं. इतक्या वर्षांत बहुधा पहिल्यांदाच दोघांची नजर मिळाली. मग तो म्हणाला, "चालंल. दिसाउजेडी. आन् आदी मी सोता बसून बघीन."

मॅडम हसल्या. त्यांचा निकालही जवळजवळ तसाच होता. कुंडलिकला बॅज मिळेल. पहिले सहा महिने रिक्षा फक्त दिवसा चालवायची. सीटसमोर त्याचं नाव आणि तक्रारीचा फोन नंबर ठळक अक्षरांत लिहायचा. हात उचलल्याची एक जरी खरी तक्रार आली तरी बॅज रद्द. सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांनी इथेच यायचं.

"मान्य?" त्यांनी वैजयंतीबाईंना विचारलं.

"अर्धं," बाई म्हणाल्या. "मी बसेन की नाही ते मी ठरवीन."

"तो तुमचा हक्कच आहे," मॅडम म्हणाल्या.

परतताना जोतिरामला एसटी स्टँडवर सोडायचं होतं. मागच्या सीटवर तिघे झाले. कुंडलिक आणि जोतिराम शेजारी बसायला कचरले, तेव्हा वैजयंतीबाई स्वतःच मध्ये बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. मग एका खड्ड्यात मी जोरात आपटले. जोतिरामचा दुखरा हात सीटमागच्या दांडीवर आदळणार, तेवढ्यात बाईंच्या पाठीमागून कुंडलिकने हात घालून दांडी झाकली. मार त्याच्या बोटांना बसला.

"औंदा उसाची तोड लवकर उरकली," जोतिराम बाहेर बघत म्हणाला.

"व्हय का," कुंडलिक म्हणाला.

एवढंच. पण मडिवाळप्पांनी आरशात पाहिलं आणि मिशीत हसले.

मित्रांनो, बॅज आला त्या दिवशी कुंडलिकने मला इतकं घासलं की माझे पोपडे निघाले! सोनालीचं कॉलेज सुरू झालं तेव्हा जोतिराम खरोखरच आला, कॉलेजपर्यंत माझ्यात बसून गेला, उतरताना मान हलवली, आणि दुसऱ्या दिवसापासून सोनाली मैत्रिणींना घेऊन येऊ लागली. त्या पोरी इतक्या बडबड करतात की माझा हॉर्न कुणाला ऐकू येत नाही. एकदा एका गिऱ्हाईकाने कुंडलिकला फार घाण शिवी दिली. माझ्या हँडलवर त्याची मूठ वळलेली मला जाणवली. मग त्याने मला कडेला घेतलं, बंद केलं आणि लांब जाऊन उभा राहिला. गिऱ्हाईक एकटाच बोलत बसला आणि शेवटी कंटाळून उतरून गेला.

वैजयंतीबाई मात्र आल्या नाहीत. आल्या त्या पावसाळा संपता संपता, एका दुपारी, ड्युटी करून पाय सुजलेले असताना. पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या.

सहा महिने भरले. मॅडमनी त्याच लिंबाखाली सर्वांना विचारलं, "काही तक्रार?"

"आहे," वैजयंतीबाई ताडकन म्हणाल्या. कुंडलिकने मान खाली घातली. "हा माणूस बैलगाडीसारखी रिक्षा हाकतो. प्रत्येक खड्ड्याला वळसा घालतो. मला ड्युटीला रोज उशीर होतो. याला जरा जोरात चालवायला सांगा, आणि माझ्या रात्रीच्या ड्युटीलाही यायची परवानगी द्या."

मॅडम हसू लागल्या. मडिवाळप्पा हसू लागले. कुंडलिकला मात्र हसावं की काय करावं ते कळेना. तो उगीच माझी काच पुसत राहिला.

मुलांनो, माझं वय झालं आहे. दरवर्षी माझीही तपासणी होते. माझे ब्रेक बघतात, दिवे बघतात, चाकं बघतात. खोट सापडली तर म्हणतात, दुरुस्त करून आण, मग पुन्हा बघू. मला त्याचा राग येत नाही. तपासल्याशिवाय मला रस्त्यावर सोडणं चूकच आहे. आणि तपासायचंच नाही, थेट भंगारात घालायचं, हेही चूकच आहे. माणसांच्या बाबतीतही तुम्ही मोठेपणी असंच वागा, एवढं माझं मागणं आहे. विचारा, पारखा, अटी घाला. पण ज्याने आपली चूक स्वतःच्या तोंडाने सांगितली आणि तिची किंमत भरली, त्याला भिंतीला लावून ठेवू नका. उभं राहून गंजतं ते नुसतं लोखंडच नव्हे.

आणि हो, माझ्या सीटचं रेक्झिन नखाने उकरू नका. कुंडलिकने ते स्वतः शिवलंय.

चला, सिस्टर आल्या. आज त्या म्हणतात, उशीर झाला तर झाला, पण बाजारावरून जाऊ.