पत्रिका कोणाच्या लग्नाची?

मंजुषाचा फोन म्हणजे अर्ध्या इंझोरी गावाचा फोन होता. गावची आशा सेविका ती. कोणाच्या लेकराला डोस कधी, कोणाची सोनोग्राफी राहिली, सगळं तिच्या व्हॉट्सॲपवरून जायचं. तिचा मेसेज आला की बाया हातातलं काम टाकून उघडत.

त्या दुपारी घरोघरच्या भेटी आटोपून ती जेवायला बसली, तेवढ्यात फोन वाजला. किन्हीराजा गावचा मावसभाऊ देवानंद. 'लग्नाला सहकुटुंब यावे', आणि खाली पत्रिकेची फाइल. त्याच्या बहिणीचं जुळत आलंय हे मंजुषाला ठाऊक होतंच. उजवा हात खरकटा होता म्हणून तिनं डाव्या हातानं फाइल दाबली. फोननं विचारलं, हे ॲप धोक्याचं असू शकतं, तरी घ्यायचं का? पत्रिकेला ॲप कशाला, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. पण पोटात भूक होती आणि डोक्यात उरलेली घरं. तिनं 'हो' दाबलं. मग त्यानं मेसेज वाचायची परवानगी मागितली. तीही देऊन टाकली. पत्रिका काही उघडली नाही.

"नेटच धड नाही," म्हणत तिनं फोन बाजूला सारला.

भाजीत भाकर मोडली आणि ललिताबाईंचा फोन आला. पलीकडच्या गल्लीतल्या या म्हाताऱ्या बाईच्या तिन्ही सुनांची बाळंतपणं मंजुषानंच पार पाडलेली.

"मंजू, कोनाचं लगन काढलं वं? पत्रिका उघडूनच नाही राह्यली."

"कोनती पत्रिका?"

"आता पाठवली नं तुवं! बाजूच्या सरितालेबी आली. तिनं त दाबलीबी."

तिनं व्हॉट्सॲप उघडलं. प्रत्येक नावाखाली तीच ओळ, तीच फाइल. गरोदर बाया, सासवा, अंगणवाडीच्या बाई, सगळ्यांना तिच्या नावानं आवतण गेलं होतं. ती एक पुसायला गेली तर खाली दोन नवी गेली. फोन तव्यासारखा तापला होता. तेवढ्यात वरून बँकेचा मेसेज डोकावला, पैसे वळते झाल्याचा, आणि ती वाचेस्तोवर नाहीसा झाला. तिच्या फोनमध्ये कोणीतरी बसून तिच्याआधी तिचे मेसेज वाचत होतं.

कितीतरी महिन्यांचा थकलेला मोबदला त्याच आठवड्यात खात्यात पडला होता.

तिनं देवानंदला फोन लावला. "काय पाठवलं रे मले?"

तो हळूच म्हणाला, "ताई, तुवंबी उघडली काय? माहा फोन सकायीच हॅक झाला."

"सकायी? मंग कोनाले सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटली वं. लोकं म्हनतीन, एवढा कालेज शिकला अन् फसला. म्हटलं, सांजी सांगू."

मंजुषानं पुढं ऐकलंच नाही. नेट बंद केलं, कानातल्याच्या दांडीनं सिम उपसून काढलं आणि तशीच उष्ट्या हातानं समोर धावली. समोर हुस्नाबानोचं बांगड्यांचं दुकान होतं.

"या अल्ला! इतनी काहेकू हांप री?"

"आपा, तुहा फोन दे. माह्या फोनात चोर शिरला."

फोन लावला की आधी ती सायबर फसवणुकीपासून सावध करणारी टेप वाजायची. मंजुषा रोज तिला शिव्या द्यायची, पण त्याच टेपेतला नंबर आज आपसूक तोंडावर आला. एकोणीसशे तीस. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. एकेक मिनिट जात होतं आणि खात्यात काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. तिच्या नावाची फाइल दाबायला गावात अजून किती बाया बसल्या असतील, तेही दिसत नव्हतं. दुकानातून समोरचं बुद्धविहार आणि त्यावरचा भोंगा मात्र दिसत होता.

"तू लावतच राय आपा. लागला का मले आनून दे."

विहाराची किल्ली इंद्रभानमामांकडे असे. ते विहाराच्या ओट्यावर डोळे मिटून बसले होते.

"मामा, माइक सुरू करा. लवकर."

"काहून वं, कोनी गेलं काय?"

"कोनी नाही गेलं. करा तुमी."

माइक हातात आला. ज्या गावाला ती वर्षानुवर्षं शहाणपण सांगत आली, त्याच गावाला आता काय सांगायचं होतं! बाहेर दोन पोरी थबकून आत बघत होत्या. देवानंदचं 'सांजी सांगू' अजून कानात होतं. तिनं डोळे मिटले.

"आयका. मी मंजुषा, आशा. माह्या नावानं लग्नाची पत्रिका आली असन त उघडू नोका. ते पत्रिका नाही, चोरायची फाइल हाय. मी उघडली, मी फसली. ज्यानं दाबली असन त्यानं पहिले नेट बंद करा, अन् दुसऱ्याच्या फोनवरून बँकेले सांगा. ओटीपी, पिन कोनालेच देऊ नोका, बँकवाला म्हनला तरी देऊ नोका."

ती तिसऱ्यांदा सांगत होती. तेवढ्यात हुस्नाबानो ओढणी सावरत धावत आली. "लगा! लगा!"

मंजुषानं फोन कानाला लावला. पलीकडचा माणूस सावकाश एकेक विचारत होता.

"हो सर, मीच दाबलं. हो, धोक्याचं हाय म्हनून फोननं सांगतलं होतं. तरी मीच हो म्हटलं."

आपलेच शब्द दूरवरून परत येताहेत असं तिला वाटलं. माइक अजून सुरूच होता. दारादारांत माणसं उभी राहून ऐकत होती. पण फोन ठेवून चालणार नव्हतं, आणि माइक कुठून बंद करायचा ते तिला ठाऊक नव्हतं.

"खाते क्रमांक सांगा," पलीकडून आलं.

ती सांगणार तोच इंद्रभानमामांनी झेप घेऊन वायरच उपटली. "बाप्पा! खातं काय गावभर वाटतं!"

तक्रार नोंदली गेली. मग बँकेचा नंबर लावून खातं गोठवलं. तोवर निम्म्याहून जास्त पैसे निघून गेले होते. उरलेले वाचले. ललिताबाईंनी फाइल दाबली होती, पण 'हो' म्हणायच्या आत भोंगा ऐकला. तसं आणखी बऱ्याच जणींचं झालं.

सरिताचं तसं झालं नाही. पहिल्या बाळंतपणाची ती पोरगी त्या सांजेला पोट सावरत मंजुषाच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली.

"माहे सारेच गेले ताई. दुसऱ्या कोनाचं असतं त मी दाबलंच नसतं. तुहं नाव होतं."

मी पाठवलं नाही, हे खरं होतं. तिनं विश्वास ठेवला म्हणून फसली, हेही खरंच. मंजुषानं सरिताला पाणी दिलं, हुस्नाबानोच्या फोनवरून तिचीही तक्रार नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी दोघी वाशीमला सायबर पोलिसांकडे निघाल्या. एसटीत सरिता खिडकीकडे तोंड करून बसली. मंजुषानं दिलेलं केळंही तिनं घेतलं नाही.

ठाण्यात पोलीस लिहून घेऊ लागला. "फाइल कोणी पाठवली?"

मंजुषानं आपला फोन टेबलावर ठेवला.

"हिच्या फोनातून आली साहेब," सरिता म्हणाली. पोलीस लिहू लागला तशी पुन्हा म्हणाली, "हिनं नाही पाठवली. तसं लिहू नोका. हिच्या फोनातून आली."