पाण्यात पडलेले नियुक्तीपत्र

मित्रांनो, मी एक जुना सरकारी कागद आहे. माझा एक कोपरा वाळवीने खाल्ला आहे आणि खालची सही विरघळून निळा डाग झाली आहे. तरीही नीट पाहिलेत तर माझ्यावरची टंकलेली अक्षरे आजही वाचता येतात. श्री. जिवल्या चिंधू वरठा यांची भारताचे राष्ट्रपती सीमाशुल्क खात्यात अधिकारी म्हणून नियुक्ती करीत आहेत, असे माझ्यावर लिहिले आहे.

माझा जन्म १९७४ साली दिल्लीतल्या एका कचेरीत झाला. खरे सांगायचे तर राष्ट्रपतींनी मला कधी पाहिलेही नाही. त्यांच्या नावाने आणि त्यांच्या आदेशाने एका सचिवाने माझ्यावर सही केली. पण तिच्या शेजारी गोल शिक्का उमटला आणि मी गर्वाने ताठ झालो. आपल्यावाचून कुणाचे काही चालणार नाही, असे मला त्या दिवसापासून वाटू लागले.

टपालाने मी बोईसरला आलो आणि तिथून पूर्वेच्या डोंगरापायथ्याशी असलेल्या एका पाड्यावर पोचलो. जिवल्या तेव्हा बापाबरोबर नाचणीच्या शेतात होता. आश्रमशाळेत शिकून, वसतिगृहात राहून तो मोठ्या परीक्षा पास झाला होता. मातीचे हात पुसून त्याने मला उघडले आणि वाचून दाखवले. त्याच्या बापाने, चिंधूबाबांनी, मला हातात घेऊन उलटसुलट केले.

"राष्ट्रपतीनी तुला कागद धाडला?"

"हां बा."

"काम काय सांगलंय?"

"दर्यावर चोर पकडायचं."

जिवल्याची आई बुधी चुलीपुढून उठून आली. "दर्या? तुला तं पोहता बी नाय येत!"

ती म्हणाली ते खोटे नव्हते. डोंगरातल्या त्या पोराने समुद्र पाहिला होता तो फक्त दुरून, सुळक्यावर चढून.

त्या काळी आपल्या किनाऱ्यावर चोरटा माल फार उतरत असे. आखातातून येणारी गलबते दूर समुद्रात थांबत आणि सोने, घड्याळे, कापड मच्छीमारी बोटींत भरून खाडीत आणले जाई. फार पूर्वी जकातीचे शिपाई बंदरावर नाके लावून बसत आणि पुळणीवरून पायी फिरत. पण चोर पाण्यातून येऊ लागले, तेव्हा खात्यालाही पाण्यात उतरावे लागले. जिवल्याच्या वाट्याला आलेली गस्तीची लाँच जुनी होती. तिचे इंजिन दम्याच्या माणसासारखे धापा टाकी.

पहिले तीन दिवस जिवल्या नुसता ओकत होता. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात, मेणकापडात गुंडाळलेला होतो, आणि मला त्याची लाज वाटत होती. कचेरीतल्या एका जुन्या साहेबाने समजावले, "अहो वरठा, अधिकाऱ्याने बंदरावर बसून अहवाल वाचायचे असतात. पाण्यात जायला खलाशी आहेत."

"ज्या पाण्यावर हुकूम चालवायचा, ते पाणी मला ओळखीचं नको का?" जिवल्या म्हणाला आणि चौथ्या दिवशी पुन्हा लाँचवर चढला.

लाँच चालवणारा तांडेल होता केळवे-माहीमचा रामनाथ. वयाने पन्नाशीचा, बोलायला तुसडा. त्या दिवशी त्याने जिवल्याला सुकाणूजवळ उभे केले. "पान्याकडं नका बघू, साहेब. लांब डोंगराकडं बघा, म्हंजे पोट ढवळनार नाय. आमी बी तसंच करतो. तो सुळका दिसतो ना, तो त्या ताडांच्या डोक्यावर आला का समजायचं, खाली खडक हाय."

जिवल्याने मान वर करून तिकडे पाहिले. मग हसला. "तो सुळका मला पाठीमागून ठाऊक आहे. त्याच्या पलीकडच्या अंगाला आम्ही गुरं चारायचो."

"मंग तुमाला दर्या येनार," रामनाथ म्हणाला.

आणि खरेच आला. वर्षभरात जिवल्या पोहायला शिकला. डहाणूपासून केळव्यापर्यंत कुठला डोंगर कुठल्या देवळावर आला की कुठली खाडी उघडते, हे त्याला तोंडपाठ झाले. घरी बुधी मात्र तो परत येईपर्यंत घास गिळत नसे.

१९७६ च्या थंडीतली एक दुपार मी विसरणार नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राची चिमणी उजवीकडे दिसत होती. एक मच्छीमारी बोट किनाऱ्याकडे निघाली होती. रामनाथने डोळे बारीक केले.

"साहेब, जाळी कोरडी हायत. आन् बोट बघा कशी खोल बसलीय."

लाँच आडवी घातली. जिवल्या दोन खलाशांना घेऊन त्या बोटीवर उतरला. बोटीवर मालाच्या धन्याचा माणूस होता, रामकिसन नावाचा, पांढऱ्या कपड्यातला. त्याने या काळ्या, किरकोळ तरुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि तो हसला.

"तू कौन? साहब को भेज."

"साहेब मीच आहे." जिवल्याने मला खिशातून काढून त्याच्यापुढे धरले. माझी छाती फुगली. आता हा वाकणार, असे मला वाटले.

"ऐसा कागज़ कोई भी छाप ले," रामकिसन म्हणाला आणि त्याने मला हिसकावून सरळ समुद्रात भिरकावले.

मित्रांनो, खारे पाणी अंगात शिरले तेव्हा मला वाटले, संपले सगळे. आता जिवल्याचे काय होणार? आता त्याला कोण विचारणार? मी लाटेवर वरखाली होत त्याच्याकडे बघत होतो. एका खलाशाने उडी टाकायला कठड्यावर पाय ठेवला.

"कागद राहू दे!" जिवल्या ओरडला. "आधी बोटीवरची पाण्याची टाकी उघडा!"

त्याने माझ्याकडे फक्त एकदा पाहिले. मग रामकिसनला बाजूला सारून तो स्वतः वाकला आणि टाकीवर हात आपटू लागला. वर पाणी होते तिथे भरीव, पण खाली पोकळ आवाज आला. टाकीला दुसरा तळ होता. त्याखाली गोणपाटात बांधलेल्या सोन्याच्या पट्ट्या होत्या. रामकिसनचे हसू कुठल्या कुठे गेले.

मला रामनाथने लहान जाळ्याने उचलले आणि इंजिनाच्या गरम झाकणावर वाळत घातले. मी वाळलो, पण सही आणि शिक्का मात्र गेले ते गेलेच.

त्याची किंमत पुढे कोर्टात कळली. खटला उभा राहायला तीन वर्षे गेली. रामकिसनच्या वकिलाने मला दोन बोटांत उचलून धरले.

"ही सही कुणाची?"

"सचिवांची. पाण्यात पुसली गेली," जिवल्या म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला बोट तपासायचा अधिकार होता, याला पुरावा हा डाग?"

कोर्टात हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दिल्लीहून दुसरी प्रत यायला महिने लागणार होते, आणि न्यायाधीशांनी मुदत दिली आठ दिवसांची. कचेरीतले लोक म्हणाले, जाऊ दे वरठा, असे खटले सुटतातच. जिवल्याने कुणाचेच ऐकले नाही. अशा नेमणुका सरकारी राजपत्रात छापून येतात, हे त्याला माहीत होते. रजा टाकून तो मुंबईच्या एका ग्रंथालयात गेला. तिथे जुनी राजपत्रे क्रमाने लावलेलीच नव्हती. धुळीने त्याचे डोळे सुजले. पाचव्या दिवशी दुपारी त्याला ते पान सापडले. त्याचे नाव, हुद्दा, तारीख, सगळे माझ्याशी अक्षराला अक्षर जुळत होते.

न्यायाधीशांनी ते पान आणि मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग माझ्या पाठीवर त्यांनी लिहिले, 'राजपत्राशी पडताळून पाहिले', आणि खाली सही केली. रामकिसनला शिक्षा झाली. माझ्या गर्वाची जागा मात्र तोवर दुसऱ्याच कशाने तरी घेतली होती. मी ज्याच्या खिशात होतो, त्या माणसाबद्दल मला आदर वाटू लागला होता.

आता १९९६ साल आहे. जिवल्याच्या बोईसरजवळच्या सालवडच्या घरात मी एका पत्र्याच्या पेटीत राहतो. मध्ये काही वर्षे मला कुणी उघडले नाही, तेव्हा वाळवीने संधी साधली. त्याची बायको नवसी हल्ली वर्षातून एकदा मला ऊन दाखवते. मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा कागद असेल, कुणाच्या जमिनीचा, कुणाच्या शाळेचा. त्याला ओल लागू देऊ नका. त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. पण मी जपून ठेवायचा कागद आहे, पूजा करायचा नाही, हेही ध्यानात असू द्या.

एक शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. पुढे तटरक्षक दल उभे राहिले आणि समुद्रातली गस्त हळूहळू त्यांच्याकडे गेली. जिवल्याची लाँचही गेली आणि त्याला कचेरीत टेबल मिळाले. नव्या बोटीवरचे तरुण अधिकारी दुरून आलेले होते, त्यांना इथले खडक नि खाड्या ठाऊक नव्हत्या. ती बोट पहिल्या गस्तीवर निघणार होती, त्या सकाळी जिवल्या रजेचा अर्ज देऊन धक्क्यावर जाऊन उभा राहिला. रामनाथने शिकवलेल्या खुणा त्याने एका वहीत उतरवून आणल्या होत्या. मला तो घरीच ठेवून गेला होता, म्हणून पुढचे मी, तो नवसीला सांगत असताना ऐकले.

"आमच्याबरोबर यायचा हुकूम आहे का आपल्याकडे?" तरुण अधिकाऱ्याने आदबीने विचारले.

"नाही," जिवल्या म्हणाला. "बोटीत जागा आहे का, तेवढं सांगा."

जागा होती.