दूध निवायच्या आधी

मित्रांनो, मी एक जुना लॅक्टोमीटर आहे. सांगायला लाज वाटते, पण माझ्यामुळे एका इमानदार बाईच्या तोंडाला काळं फासलं गेलं.

वडीगोद्रीजवळच्या दूध कारखान्यात मी कामाला लागलो तेव्हा काय थाट होता! सकाळी भोंगा वाजायचा, दारात कॅनची रांग लागायची, तूप कढायला लागलं की वास पार हायवेपर्यंत जायचा. मला दुधात सोडायचे. अठ्ठावीसच्या रेघेवर उभा राहिलो की दूध चोख, खाली बुडालो की पाणी घातलेलं. गावात माझं नाव 'डिग्री'. मला बघून लबाडांची पाचावर धारण बसायची, आणि मी आपला फुगून बसायचो.

पण माझ्यात एक खोट आहे. कोमट दुधात मी उगाचच खाली जातो. दूध तपासणाऱ्या रखमाजीला ते ठाऊक होतं. आसराबाईची वस्ती कारखान्याच्या भिंतीला लागून; तिचं दूध यायचं ते धारोष्ण, फेसासकट. रखमाजी तिची चरवी बाजूला ठेवायचा. "निवू द्या बाई, मंग बघू."

रखमाजी थकून घरी बसला आणि त्याच्या जागी काकासाहेब आला. एकदा टँकर दारात उभा, याला घाई. आसराबाईच्या चरवीत त्यानं मला तसंच सोडलं. मी पंचविसावर गेलो.

"पानी घातलंय, आसराबाई."

"आवं, आत्ता पिळून आनलंय. फेस बी बसला न्हाई!"

"डिग्री खोटं बोलत न्हाई."

सगळ्यांदेखत त्यानं दूध मोरीत ओतलं. रांगेतले खीखी हसले. मला तोंड असतं तर! आसराबाई रिकामी चरवी घेऊन निघाली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या सगळ्या वस्तीनं कारखान्याला दूध घालणं बंद केलं.

रांगेतला तातेराव मात्र दुधात पाणी घालून वर साखर विरघळवायचा, अन् मी शहाणा बराबर अठ्ठाविसावर उभा! पुढे भेसळ सापडून शहरातून टँकर भरलेले परत यायला लागले. मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही.

सोळा वर्षं मी खिडकीत धूळ खात पडलो. परवा आसराबाई शेळ्या घेऊन सावलीला आत आली, सोबत सून शिवकन्या. म्हातारीनं मला ओळखलं, पदरानं पुसलं आणि सुनेकडून सकाळचं निवलेलं दूध मागवलं. चरवीत मी एकोणतिसावर ताठ उभा राहिलो.

"बघ गं. म्या पानी घातलं न्हवतं."

"मला ठावं हाय, आत्याबाई."

"तुला ठावं हाय गं. पर त्या रांगेतल्या मानसांना कोन सांगन?"

मित्रांनो, मला काचेच्या कपाटात जपून ठेवू नका. चौकात न्या. काकासाहेबाला बोलवा, हसले त्यांनाही बोलवा, आणि आसराबाईच्या चरवीत मला पुन्हा सोडा. दूध तेवढं निवू द्या. पण बोलावणं लवकर धाडा, बाई आता फार थकली आहे.