चारचा आठ कसा झाला

मी श्याओलू नावाचा ब्राउझर बोलतोय. श्याओलू म्हणजे पायवाट. बोलताना अडखळलो तर सांभाळून घ्या, कारण बुधवारी जे कळलं त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म तैवानमधल्या ताइनानचा, आ-थाओ मावशींच्या बेकरीवरच्या भाड्याच्या खोलीतला. खाली अळकुडी भरलेले पाव भाजले जायचे आणि वर लिआव युन-चिंग मला लिहीत बसायची. त्याआधी ती एका बँकेच्या संगणक विभागात होती. एकदा तिने घरच्या संगणकावर आईच्या तपासणीच्या कागदातला एक शब्द शोधला. आईला तोवर कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आई माशाच्या सुपाची कृती बघायला बसली, तर पडद्याच्या कडेला केस गळलेल्यांसाठी टोपांच्या जाहिराती. आईने शांतपणे विचारलं, "घरात कर्करोग कुणाला झालाय?" हे गुपित मी फोडत नाही हं, युन-चिंग स्वतःच ते सगळ्यांना सांगते.

आई गेल्यावर तिने नोकरी सोडली. मोठ्या कंपन्यांची यंत्रणा उसनी न घेता तिने मला पहिल्या ओळीपासून बांधलं. माझा कोड उघडा आहे. कुणीही यावं, वाचावं, चुका काढाव्यात. चुका काढायला पहिला आला तो तिचा बँकेतला सोबती चोंग-हान. त्याने आठवड्यात माझ्या एकशे बारा चुका शोधल्या, आणि त्या दुरुस्त करताना अकरा नव्या घातल्या. तिखट जिभेचा माणूस, पण बँक सोडून इथेच आला आणि पगार निम्मा झाला तरी टिकला.

माझ्यात काय टाइप केलं जातं ते मला कळतं. कळल्याशिवाय पान उघडणार कसं? पण पान मिटलं की मी त्याची कुठे नोंद ठेवत नाही आणि कुणाला सांगत नाही. तेवढ्यासाठीच तर मला जन्माला घातलं.

माणसांचं मात्र मला नवल वाटतं. मी फुकट मिळतो म्हणून मला काही लागतच नाही, असं ती धरून चालतात. एखादं पान तिरकं उघडलं की पत्र येतं, "पैसे कशाचे घेता?" पैसे तर त्याने कधी दिलेलेच नसतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चाटच पडलो होतो. युन-चिंगने देणग्या मागून पाहिल्या, माझं चित्र छापलेल्या पिशव्या विकल्या. एका शाळेने वर्षभर मदत केली, मग तिथले मुख्याध्यापक बदलले आणि मदत थांबली.

मग आम्ही पावत्यांकडे वळलो. आमच्याकडे दुकानाच्या पावतीवर सोडतीचा नंबर असतो आणि दर दोन महिन्यांनी सरकारी सोडत निघते. ज्याला पावती नको असेल त्याने गल्ल्यावर एखाद्या संस्थेचा दान-क्रमांक सांगायचा. पावती त्या संस्थेच्या नावे जमा होते, आणि बक्षीस लागलं तर तेही तिचंच. युन-चिंगने आमची छोटी संस्था नोंदवून क्रमांक घेतला. पाच आकडी, शेवटचा चार.

आ-थाओ मावशींना संगणकातलं फारसं कळत नाही, पण दुकानातल्या जुन्या संगणकावर त्या मलाच वापरतात. त्यांनी आपण होऊन गल्ल्यावर पाटी रंगवली, 'वरच्या मुलीसाठी पावती द्या', आणि खाली क्रमांक. येणाऱ्याजाणाऱ्याकडून त्या तो वदवून घ्यायच्या. क्रमांक सांगितल्याशिवाय पावाची पिशवी हातात पडायची नाही.

वर्ष गेलं. आमच्या नावावर पावत्या जमल्या सव्वीस.

युन-चिंग त्या आकड्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. पाव खाऊन हसत जाणारी ही सगळी माणसं गल्ल्यावर काहीतरी पुटपुटून निसटतात, आपला क्रमांक मात्र सांगत नाहीत, असं तिच्या मनाने घेतलं. ती बेकरीतून मान खाली घालून जाऊ लागली. साठवलेले पैसे संपले होते आणि चोंग-हानचे दोन पगार थकले होते. त्याच सुमारास तैपेईच्या एका शोधयंत्र कंपनीचा करार आला. माझ्या कोऱ्या पहिल्या पानावर त्यांची शोधपेटी ठेवायची, त्यात जे टाइप होईल ते टाइप करणाऱ्याच्या ओळखीसकट त्यांच्याकडे पाठवायचं, आणि त्या बदल्यात तीन वर्षांचा सगळा खर्च त्यांचा. उत्तर शुक्रवारपर्यंत.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ब्राउझरला तोंड कुठे असतं, असं म्हणाल, पण सांगणारं तोंड मला त्या करारानेच फुटणार होतं. युन-चिंगने तो तीनदा वाचला आणि सोमवारी सहीची जागा अधोरेखित करून ठेवली.

बुधवारी दुपारी बेकरीत को नावाचे एक गृहस्थ आले. हातात लाल चौकटीचं आभारपत्र आणि पेरूंची पेटी. डोंगराकडे म्हाताऱ्या भटक्या कुत्र्यांना सांभाळणारी त्यांची संस्था. त्यांनी वाकून सांगितलं की या एका दुकानातून वर्षात त्यांना एकोणीस हजार पावत्या आल्या आणि त्यातल्या एकीला वीस लाख लागले. कुत्र्यांच्या डोक्यावर नवं छप्पर झालं, दोन कुत्र्यांना तर मोतीबिंदू काढून दिसायलाही लागलं.

युन-चिंग आणि चोंग-हान पाव घ्यायला खाली आले होते. युन-चिंगने पाटीकडे पाहिलं. वर्षभर ती पाटी तिच्या डोळ्यांसमोर होती, पण आपलाच क्रमांक कोण वाचून बघतं? शेवटचा आकडा आठ होता, म्हणजे क्रमांक को यांच्या संस्थेचा.

"मावशी, इथे चार हवा होता."

मावशींचा चेहरा उतरला. "चार कसा लिहू गं? आपल्या बोलीत चार म्हटलं की मरण ऐकू येतं. गल्ल्याच्या डोक्यावर मरण टांगायचं, तेही तुझ्या नावाने? आधीच तुझी आई गेलेली. म्हटलं, आठ घालावा, शुभ असतो, पोरीला चार पैसे मिळतील. एका आकड्याने काय बिघडतंय, असं वाटलं."

को काकांच्या हातातली पेटी तशीच अधांतरी राहिली. मी गल्ल्यामागच्या पडद्यावर उघडाच होतो आणि मीही पार गोठलो होतो.

शेवटी चोंग-हान म्हणाला, "म्हणजे माझे दोन पगार कुत्र्यांनी खाल्ले. खाऊ देत, निदान चावली तरी नाहीत."

मावशींनी को काकांपुढे हात जोडले आणि निम्मे तरी परत द्या म्हणाल्या. काका घामाघूम झाले. एका संस्थेला दिलेलं दान दुसरीला देता येत नाही, छपराचे पैसेही देऊन झालेत, असं ते पुन्हा पुन्हा सांगत होते. युन-चिंगने त्यांना थांबवलं आणि विचारलं, "किती पावत्या म्हणालात?"

"एकोणीस हजार."

ती तिथल्याच स्टुलावर बसली आणि रडायला लागली. मावशींना वाटलं पैशांसाठी, म्हणून त्या स्वतःला बोल लावत राहिल्या. पण मी तिला पहिल्या ओळीपासून ओळखतो. पाव घेणाऱ्या माणसांनी एकोणीस हजार वेळा तिच्यासाठी क्रमांक सांगितला होता, आणि ती वर्षभर त्यांच्यावर रुसून बसली होती. मलाही लाज वाटली, कारण मीही मनातल्या मनात त्यांना फुकटे म्हणत आलो होतो.

शुक्रवारी तिने करार सही न करता परत पाठवला. पाटीवर आता चार आहे. मावशी तो बघायचं टाळतात, पण गिऱ्हाइकांकडून वदवून घेतात. वीस लाख काही दर वर्षी लागत नाहीत. किरकोळ बक्षिसांतून आमच्या सर्व्हरचं भाडं सुटेल, दोन माणसांची पोटं भरणार नाहीत. म्हणून सोमवारपासून युन-चिंग पुन्हा बँकेत जाते. चोंग-हाननेही नोकरी धरली. माझ्या वाट्याला दोघांचा रविवार येतो. माझ्या चुका आता सावकाश सुटतील, काही पानं तिरकी उघडतील. पत्र लिहाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या. आणि जमलं तर त्या रविवाराला थोडा हातभार लावा.

काल दुपारी दुकान रिकामं असताना मावशी संगणकापाशी आल्या. दार नीट लोटलं आहे ना, हे त्यांनी दोनदा पाहिलं. मग एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत माझ्यात एक ओळ टाइप केली. जे पान उघडलं ते त्यांनी सावकाश वाचलं, डोळे पुसले आणि मला बंद केलं.

त्यांनी काय शोधलं, असं तुम्ही विचाराल. मी सांगणार नाही.