टिंबाटिंबांतला चेहरा

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर बोटे काळी होतील, हे आधीच सांगून ठेवतो. मी एक जुना खाका आहे, म्हणजे चित्र उतरवण्याचा साचा. तळहाताएवढे हरणाचे पातळ कातडे आणि त्यावर सुईने टोचून काढलेला एका बाईचा चेहरा, बाजूने पाहिलेला. मला कागदावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी हलकेच थोपटली की खाली टिंबाटिंबांचा चेहरा उमटतो. चेहरा दुसऱ्या बाजूला बघणारा हवा असेल तर मला उलटे करायचे.

मला एका चित्रकाराने टोचले. वीतभर कागदावर अख्खी बाग, तळे आणि तळ्यावरचा वारा बसवणारा हा माणूस मला टोचताना मात्र रडत होता. का, ते मला तेव्हा कळले नाही. पुढे कित्येक वर्षे मी त्याच्या चित्रांत राहिलो. कधी राणी झालो, कधी परी, कधी गच्चीवर ढगांकडे पाहत बसलेली कुणी एकटी. चित्रे दूरदेशी जात. लोक राणीची वाहवा करत, माझे नाव कोण घेणार! मी आपला फळीवर पडून त्या बागांची स्वप्ने बघे. स्वप्नातले तळे निळेशार असे आणि त्यात माझाच चेहरा हलत असे.

चित्रकाराची मुलगी चिंगी मोठी झाली आणि पुरचुंडी तिच्या हातात आली. तिची आई ती रांगत असतानाच गेली होती. राणीच्या गालांत रंग भरता भरता ती विचारी, "बाबा, आई कशी दिसायची हो?"

"चांगली दिसायची. तो निळा रंग घोट आधी."

दर वेळी हेच उत्तर.

मग चित्रकाराची दृष्टी अधू झाली. चिंगी स्वतःच्या मनाने रेघ काढू लागली आणि मी धूळ खात पडलो. एका सकाळी चिंगीच्या आत्याने साफसफाई काढली. आत्याच्या तावडीत सापडलेली वस्तू थेट चुलीत जायची.

"हे काळं चामडं कशाला ठेवलंय? उंदरांच्या लग्नाला?"

"ताई, थांब!" चित्रकार चाचपडत उठला. "ती चिंगीची आई आहे."

चिंगीने पुढे होऊन मला आत्याच्या हातातून घेतले.

"तिच्याच चेहऱ्याचा खाका केला मी. घरात तिचं एकही चित्र ठेवलं नाही, सगळी विकली. हे पोरीला कुठल्या तोंडानं सांगू?"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. शेकडो वेळा चिंगीने आईच्याच गालांत रंग भरला होता. मला फार वाईट वाटले आणि खरे सांगतो, थोडा अभिमानही वाटला.

चिंगीने कागद घेतला. मला त्यावर ठेवून पुरचुंडी थोपटली. आई उमटली. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिने मला उलटे करून शेजारी पुन्हा थोपटले. दोन बायका समोरासमोर बसल्या. दुसरीचे नाक तिने पुसून पुन्हा काढले.

"दोनदा थोपटलंस," चित्रकार म्हणाला. "आईसमोर कोण बसवलंस?"

"मी बसलेय, बाबा."

"मग नाक नकटं काढ. ते माझ्यावर गेलंय."

"काढलंय," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला रडू कोसळले.

मित्रांनो, आता मी दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला असतो. हनुवटीपाशी मला चीर गेली आहे. तुमच्याही घरात असे काही कळकट पडले असेल तर टाकण्याआधी मोठ्यांना एकदा विचारा. आणि मोठ्यांना माझा निरोप द्या, की मुले विचारतात तेव्हाच सांगा. चिंगीने पहिल्यांदा विचारले तेव्हा ती पाच वर्षांची होती. आई दिसली तेव्हा तिचे केस पिकायला लागले होते.