बाबांच्या पैशांचा चार्ज

बाबांनी त्यांच्या निवृत्तीच्या पैशांचा चार्ज माझ्याकडे दिला तेव्हा माझी मुलगी ढमी पाच महिन्यांची होती आणि बाजार रोज थोडा थोडा वर चढत होता.

चार्ज हा त्यांचाच शब्द. चौतीस वर्षं ते एका इस्पितळाच्या बॉयलर हाउसमध्ये होते. तिथे पाळी बदलताना येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने मिळून पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, दाबाचा काटा मोठ्याने वाचायचा, आकडे वहीत मांडायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. सही झाली की जाणाऱ्याचा हात झडपेच्या चक्रावरून सुटला. विचारल्याशिवाय त्याने तोंडसुद्धा उघडायचं नाही. मात्र येणाऱ्याने काही विचारलं, तर जे असेल ते खरं सांगायचं. एकदा कोणीतरी घरी निघता निघता, भलं करायला म्हणून, परत वळून एक झडप फिरवली होती आणि नव्या पाळीवरच्या माणसाचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून बाबांचं एक वाक्य ठरलेलं. "एका चक्रावर दोघांचे हात नकोत."

तर आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसून तसंच केलं. बाबांनी एकेका फंडाचं नाव वाचलं, किती युनिट आणि आजचा भाव काय ते सांगितलं. मी वहीत मांडलं. खाली दोघांच्या सह्या.

"आता कधी विकायचं, किती विकायचं, सगळं तुझं."

"आणि चुकलं तर?"

"पाळीवरचा माणूस चुकतो कधी कधी."

"बाबा!"

"कॉमर्स केलंस ना? मग झालं तर. मी आपला आगवाला माणूस. आठवड्यातून एकदा बघत जा, दूध उतू जातंय का तेवढं."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "वा! सासऱ्यांनी नोकरी दिली. पगाराचं काही बोलले का?"

मी हसले. हसण्यासारखंच होतं तेव्हा. सगळे पैसे शेअरच्या फंडांत होते. बाबांच्या वयाला एवढं बरं नाही हे मला कळत होतं, कॉलेजात शिकलेलं तेवढं आठवत होतं. पण भाव चढत असताना विकायचं कोणाच्या जिवावर येत नाही? आणखी महिनाभर बघू, असं मी चार महिने म्हणत राहिले.

मग बाजार पडायला लागला.

पहिल्या दिवशी शंभरातले दोन गेले. असं होतंच, म्हणून मी ढमीला अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी मी पेज भरवताना एका हातात चमचा आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून बसले होते. ढमी आ वासून वाट बघत होती आणि चमचा मध्येच थांबला होता. तिने चिडून टेबलावर हात आपटला तेव्हा मी भानावर आले. आठव्या दिवशी शंभरातले सोळा गेलेले. मी हिशोब घातला. आईबाबांचा दीड वर्षाचा घरखर्च आठ दिवसांत उडाला होता आणि कोणी चोरलाही नव्हता.

मला आधीपासून सवय आहे बघत राहायची. ढमी झोपली की तिच्या पोटाचं वरखाली होणं मोजते. दाराची कडी दोनदा बघते. पण ढमीचा श्वास मी मोजला नाही तरी चालू राहतो, हे निदान मनाच्या एका कोपऱ्याला ठाऊक असतं. हा लाल आकडा मात्र मी नजर काढली की घसरतो, असं वाटायचं. नजर ठेवली तरी घसरायचाच.

फंडाच्या सल्लागाराला फोन केला. तो सगळ्यांना जे सांगतो तेच मला म्हणाला. "ताई, घाबरून विकतात ते बुडतात. कागदावरचा तोटा आहे. विकलात की खरा होईल."

"आणि अजून पडला तर?"

"तर अजून थांबायचं."

"किती?"

"ताई, ते कोणाला सांगता येतं?"

नवऱ्याचंही तेच. "त्यांना आत्ता कुठे पैसे लागतायत? पेन्शन येते, घर स्वतःचं आहे. ठेव तो फोन. तुझ्या चेहऱ्याकडे बघून पोरगी रडायला लागलीय."

अकराव्या दिवशी सकाळी बाजार उघडला आणि पाव तासात आणखी चार गेले. ढमीला पाळण्यात ठेवून मी ॲप उघडलं, सगळे फंड निवडले, 'सर्व विका' वर बोट ठेवलं. पडद्यावर आलं की सहा आकड्यांचा नंबर पाठवला आहे. नंबर बाबांच्या फोनवर जातो, खातं त्यांच्या नावाचं.

मी फोन लावला. "बाबा, एक नंबर आला असेल."

"आला." चष्मा लावल्याचा आवाज आला. "सहा, शून्य, चार, चार, नऊ, दोन."

बस्स. कशाला, किती, का, एक शब्द नाही. मी वाट बघत राहिले की ते विचारतील. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, तुम्हाला विचारायचं नाही का काही?"

"चार्ज तुझा आहे."

चौतीस वर्षांची कमाई या माणसाने आकडे वाचून माझ्या हातात ठेवली होती आणि मी ती फेकून देतेय की वाचवतेय हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. नंबर टाकायची मुदत संपेपर्यंत मी पडद्याकडे बघत बसले. मग तो आपोआप रद्द झाला. मी ढमीला कडेवर घेतलं आणि त्यांच्याकडे निघाले.

त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार बाबांनी उघडलं. आई टेबलापाशी बसली होती. ढमीने तिच्याकडे दोन्ही हात पसरले. आईने बसल्या बसल्याच तिचे पापे घेतले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "खाली ठेव तिला, गालिच्यावर. खेळू दे."

गेले दोन महिने ती असंच करत होती. ढमीला उचलून घेत नव्हती. मला ते लागलं होतं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, नातवंडाचा कंटाळा आला हिला. आज मात्र मी नीट बघितलं. पाण्याचा पेला घ्यायला ती उठली. डावा पाय अलगद टेकत आधी टेबलाची कड धरली, मग खुर्चीची पाठ, मग भिंत. दोन खुर्च्या अशा ठेवल्या होत्या की टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत हात रिकामा राहणार नाही. त्या तिथे आधी नव्हत्या.

"आई, पायाला काय झालंय?"

"काही नाही गं. वय झालं."

"वय काय फक्त डाव्या पायाचं झालं?"

आई हसली नाही. बाबा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, समोरच्या इमारतीची मागची बाजू आणि पाण्याचे नळ.

मी त्यांच्याजवळ गेले. "बाबा, नवी पाळी विचारतेय. वहीत न मांडलेलं काही आहे का?"

ते लगेच वळले. विचारल्यावर खोटं बोलायचं नाही, हे त्यांच्या हाडात भिनलेलं.

"खुब्याचा सांधा झिजलाय तिचा. बदलायचा आहे. दहा आठवड्यांनी तारीख दिलीय. निम्मे पैसे महिनाभर आधी भरायचे."

"कधीपासून माहीत आहे?"

"तुला दिवस गेले तेव्हापासून," आई म्हणाली. "मग तुझं ते अवघड बाळंतपण. ओल्या बाळंतिणीला काय सांगायचं? म्हटलं, जरा सावरू दे."

"आई, ढमी नऊ महिन्यांची आहे!"

"मग सांगायचं राहूनच गेलं."

"आणि बाबा तुम्ही? चार्ज देताना? सह्या केल्या आपण!"

बाबांचा चेहरा असा झाला की मला माझाच आवाज नकोसा वाटला. "आम्ही काचेत दिसेल तेवढंच मांडायचो," ते हळू म्हणाले. "वर वॉर्डात किती वाफ लागणार ते वहीत नसायचं. ते वरून फोनने कळायचं."

"इथे फोन कोण करणार होतं?"

ढमी गालिच्याचा दोरा तोंडात घालत होती, तो मी काढला.

म्हणजे चार महिन्यांपूर्वी, बाजार वर असताना, तेवढे युनिट विकून पैसे बाजूला ठेवायला हवे होते. मी फक्त विचारायला हवं होतं, तुम्हाला कधी आणि किती लागणार. आईवडिलांना खर्च विचारायचा कसा, या संकोचात मी ते विचारलं नव्हतं. दिवसभर बाजार बघत बसले होते.

"तारीख पुढे ढकलता येईल का?" मी विचारलं. विचारताना मला माझी लाज वाटली.

"येईल की," आई म्हणाली. "बाजार वर आला की करू. मला काही घाई नाही."

"गेल्या आठवड्यात न्हाणीघरात पडलीय ती," बाबा म्हणाले.

"तुम्हाला कोणी विचारलं?"

"तिने विचारलंय. पाळीवरच्या माणसाने विचारलं की सांगावं लागतं."

सल्लागार आपल्या जागी बरोबर होता. पण त्याचा सल्ला ज्याला आत्ता पैसे लागत नाहीत अशा माणसासाठी होता. बाजार वर येईल तेव्हा येईल. तोपर्यंत आई या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाणार, आणि मधल्या दोन पावलांत काय होईल ते कोणत्या पडद्यावर दिसणार?

"बॉयलरमध्ये काय करता तुम्ही अशा वेळी?" मी विचारलं.

"यात बॉयलर आणू नकोस. तिथे आग विझवता येते. इथे ती आपल्या हातात नाही."

पावणेदोन वाजले होते. आजचा भाव मिळायला तीनच्या आत विकावं लागतं. मी टेबलापाशी बसले. शस्त्रक्रियेचा सगळा खर्च, त्यावर नंतर बाई ठेवावी लागेल तिचे पैसे, आणि सहा महिन्यांचं औषधपाणी. एवढंच. सगळं नाही, आणि यापेक्षा कमीही नाही. जो फंड सर्वांत कमी पडला होता तो निवडला. उरलेल्यांना हात लावला नाही. लावावासा फार वाटत होता.

"उद्या भाव वर गेला तर?" मी कोणालाच नाही, पण मोठ्याने म्हणाले.

"तर वर जाईल," बाबा म्हणाले.

नंबर आला. बाबांनी वाचला. या वेळी त्यांचा आवाज शेवटच्या दोन आकड्यांवर हलला. मी टाकला. पडद्यावर हिरवी खूण आली. किती तोटा खरा झाला तेही खाली बारीक अक्षरांत आलं. मी ते आईला दाखवलं नाही.

चौथ्या दिवशी पैसे खात्यात आले. त्या चार दिवसांत बाजार तीन टक्के चढला. नवऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भांडी घासायला उठला. त्याचं ते न बोलणं मला फार लागलं, आणि फार बरंही वाटलं. त्यानंतर दोन दिवसांत बाजार पुन्हा पाच टक्के पडला. त्याचा आनंद झाला आणि मग स्वतःचीच भीती वाटली. उरलेले सगळे पैसे अजून तिथेच होते ना.

इस्पितळात निम्मी रक्कम भरून पावती द्यायला गेले तेव्हा आई खिडकीपाशी बसून वाटाणे सोलत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, आता एकदाच विचारते. मला माहीत नसलेलं अजून काही आहे?"

तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली. सांग, अशा अर्थाने.

"दुसरी बाजू," आई म्हणाली. "तीही झिजतेय. पण डॉक्टर म्हणाले, त्याला वेळ आहे. दोनेक वर्षं."

तिने शेंगेतले दाणे अंगठ्याने भांड्यात ढकलले. एक खाली पडून गालिच्यावर घरंगळत गेला आणि ढमी त्याच्या मागे रांगत निघाली. मी धावत जाऊन दाणा उचलला आणि तिला घट्ट धरलं.

"दोनेक म्हणजे नक्की किती?" मी विचारलं. "आई, महिना सांग. कोणता महिना?"